रेडिओ खरखरतोय? थांबा, भंगारात देऊ नका!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बाबांनी किंवा काकांनी हौसेनं घेतलेला जुना स्टीरिओ असेल. दोन्ही बाजूंना दोन स्पीकर, मध्ये काळा डबा आणि त्यावर गोल बटणं. रेडिओ लावावा तर नुसती खरखर! मग घरात एकच ठराव होतो, "बिघडलाय, देऊन टाका भंगारवाल्याला." पण जरा दम धरा. पुष्कळदा सेट ठणठणीत असतो, त्याला पुरेसा सिग्नलच मिळत नसतो. खरा रोग कोणता, हे आपण घरच्या घरी शोधू शकतो. पैसाही लागत नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी. शेजारून एक छोटा रेडिओ मागून आणा आणि स्टीरिओजवळ ठेवून तेच स्टेशन लावा. छोटा रेडिओ छान वाजला, तर दोष सेटमध्ये किंवा त्याच्या एरियलमध्ये आहे. तोही खरखरला, तर दोष जागेत किंवा आसपासच्या कशात तरी आहे. निम्मं काम इथेच झालं!

आता प्लग काढून सेटच्या मागे डोकवा. छोट्या रेडिओला ओढून लांब करायची दांडी असते. घरच्या मोठ्या स्टीरिओला बहुधा ती नसते. त्याला मागे वायर जोडावी लागते, आणि साफसफाईत किंवा घर बदलताना हीच वायर हरवते. मग रेडिओनं ऐकायचं तरी कशानं?

वायर किती लांब हवी? चला, गणित करू. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्यातला १०० घ्या, म्हणजे सेकंदाला १० कोटी कंपनं. भागाकार केलात की एका लहरीची लांबी येते ३ मीटर. तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटर वायर एरियल म्हणून चांगली चालते. तिचं एक टोक मागच्या 'एफएम' लिहिलेल्या जागी जोडा आणि दुसरं मोकळं ठेवा. इंग्रजी 'टी'च्या आकाराची वायर असेल, तर तिचे दोन्ही हात ७५-७५ सेंटिमीटरचे असतात. ती गुंडाळून ठेवू नका. भिंतीवर ताणून लावा.

आता जागा. पत्र्याचं घर, लोखंडी कपाट, स्लॅबमधल्या सळया ही सगळी मंडळी लहरींना अडवतात. सोलापुरात पत्र्याच्या घरांना काय तोटा? म्हणून एरियल खिडकीशी न्या. आडवी, उभी, तिरकी अशी धरून पाहा. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी मूळ लहरींशी भांडतात आणि आवाज फाटतो. अशा वेळी एरियल हातभर सरकवली तरी जादू झाल्यासारखा फरक पडतो.

तरीही मागे 'स्स्स' उरतंय? मग 'मोनो' लिहिलेलं बटण दाबा. यातही गणितच आहे बरं का! स्टीरिओ कार्यक्रमात डाव्या आणि उजव्या आवाजाची बेरीज एका वाटेनं येते आणि वजाबाकी दुसऱ्या. बेरजेत वजाबाकी मिळवली की डावा आवाज वेगळा होतो, बेरजेतून ती काढली की उजवा. पण सिग्नल अशक्त असला, की या वजाबाकीच्या वाटेनं खरखर फार शिरते. मोनो केलं की ती वाट बंद! दोन स्पीकरांची गंमत जाते, पण बातम्या स्वच्छ कळतात.

मीडियम वेव्हची तऱ्हा वेगळी. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ घ्या. लहरीची लांबी जवळजवळ ३७९ मीटर! एवढी लांब वायर घरात मावणार कशी? म्हणून सेटसोबत तारेची छोटी चौकट मिळते. ती हळूहळू फिरवा. एका दिशेला आवाज मोठा होईल, एका दिशेला बारीक. मीडियम वेव्हला घरातली विजेची उपकरणंही त्रास देतात. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, मिक्सर एकेक करून बंद करा. कशाच्या बंद होण्यानं खरखर थांबली? चोर सापडला! घराला लागून यंत्रमागाचा कारखाना असेल, तर माग बंद असलेल्या दिवशी ऐकून पाहा, म्हणजे फरक कळेल.

रात्री मात्र वेगळीच गंमत. दिवसा या लहरी वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. रात्री तो थर विरतो आणि आणखी उंचावरून लहरी परतून येतात. मग सोलापुरात बसून कन्नड, तेलुगू स्टेशनं एकमेकांत मिसळून ऐकू येतात. हा बिघाड नव्हे, निसर्गच तसा आहे. आणि पुण्याचं एफएम सोलापुरात लागत नाही म्हणून सेटला दोष देऊ नका. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि अडीचशे किलोमीटरच्या वाटेत पृथ्वीची गोलाईच आडवी येते. महागडी एरियल आणूनही ती हटणार नाही!

आता आईबाबांसाठी आणि तुमच्यासाठीही काही पक्के नियम. वायर जोडताना प्लग काढलेलाच हवा. सेटचं झाकण मुलांनी उघडायचं नाही, कारण प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहू शकतो. विजेच्या तारांजवळ, गच्चीवर एरियल बांधायला जायचं नाही. वळवाचं आभाळ भरून यायला लागलं, की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच बाहेरची वायर सेटपासून काढून ठेवायची.

शेवटची गोष्ट, वही घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि लिहा: कोणतं स्टेशन, किती वाजता, काय बदललं, काय झालं. एकदम चार गोष्टी बदललात तर गुण कशानं आला, ते कळणार कसं? सगळं करूनही खरखर राहिली, तर खुशाल मेकॅनिककडे न्या, पण वही सोबत असू द्या. "बिघडलाय" एवढंच सांगण्यापेक्षा "मोनोवर नीट वाजतो, डावा स्पीकर मात्र गप्प" असं सांगणाऱ्या मुलाकडे तो नक्की कौतुकानं बघेल. आणि त्याचं कामही निम्मं होईल!