सरोवराच्या तळावरची राजधानी

मेक्सिको सिटीच्या मुख्य रस्त्यावर एक उंच स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर सोनेरी पंखांची देवता आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीला, १९१० साली, तो उभारला. पुढे त्याच्या पायथ्याशी चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. स्तंभ जागचा हलला नव्हता, भोवतालचं शहर खचत खाली गेलं होतं! एवढी मोठी राजधानी खचते कशी, हे शोधू लागलं की मेक्सिकोच्या इतिहासातली मोठमोठी वळणं एकेक करून समोर येतात, आणि पुन्हा पुन्हा पाण्यापाशी पोचतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचं हे खोरं डोंगरांनी कोंडलेलं आहे. पावसाचं पाणी बाहेर पडायला नैसर्गिक वाटच नव्हती. चांगला पाऊस झाला की इथली पाच सरोवरं एकमेकांत मिसळत. त्यांतल्या तेस्कोको सरोवरातल्या बेटावर मेशिका लोकांनी, परंपरेनुसार १३२५ साली, तेनोचतित्लान वसवलं. तेस्कोकोचं पाणी खारट, दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोचं गोडं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर एक मोठा पूर आला, त्यानंतर नेसावालकोयोत्ल या राजाने सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घालून खारं आणि गोडं पाणी वेगळं केलं. चापुल्तेपेकच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणाऱ्या जलवाहिनीला दोन पन्हळी होत्या. एक साफ करायला घेतली की दुसरी वाहती. उथळ पाण्यात गाळ आणि पालापाचोळा रचून, कडेने झाडं लावून 'चिनाम्पा' नावाची शेतं तयार केली जात आणि त्यांतून वर्षाला कितीतरी पिकं निघत. लोखंडाची अवजारं नाहीत, ओझी वाहणारी जनावरं नाहीत, तरी हे सगळं उभं राहिलं. हा स्थापत्याचा चमत्कार जगाच्या इतिहासात फार वरच्या पंक्तीत बसायला हवा.

१५१९ साली स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस तिथे पोचला. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने शहर पोखरलं. मग तेरा लढाऊ नौका सुट्या भागांत डोंगर ओलांडून आणल्या गेल्या, जलवाहिनी तोडली गेली आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोचतित्लान पडलं. स्पॅनिश होते मूठभर. वेढ्यात लढणारे बहुसंख्य लोक त्लाश्कालासारख्या, मेशिकांवर चिडलेल्या स्थानिक राज्यांचे होते, हे विसरून चालणार नाही.

विजेत्यांनी राजधानी तिथेच ठेवली, मात्र पाण्याशी जमवून घेण्याची विद्या सोडून दिली. बांध फुटले होते, डोंगरांवरची झाडं तुटली, माती वाहून सरोवरात आली. सप्टेंबर १६२९ मध्ये मोठा पाऊस झाला आणि शहर बुडालं, ते १६३४ पर्यंत. पाच वर्षं! लोक होड्यांतून फिरत, प्रार्थना सज्जांत आणि गच्च्यांवर होत. राजधानी हलवण्याचाही विचार झाला, पण चर्च, मठ आणि वाड्यांत गुंतलेली संपत्ती सोडवेना. म्हणून मग शहराऐवजी सरोवरच हलवायचं ठरलं. डोंगर फोडून पाणी बाहेर काढण्याचं काम पिढ्यान् पिढ्या चाललं. पोर्फिरिओ दियाझच्या राजवटीत, १९०० साली, मोठा कालवा सुरू झाला आणि सरोवरं आटत गेली. पुढे वाढत्या वस्तीची तहान भागवायला जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं. ओली, फुगलेली चिकणमाती आकसू लागली आणि तिच्यावरचं शहर बसू लागलं.

१९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मिचोआकानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला. राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटर लांब! खडकावरच्या वस्त्यांना हादरा तुलनेने सौम्य बसला. सरोवराच्या मऊ तळाला मात्र साधारण दोन सेकंदांची स्वतःची लय होती आणि आलेल्या लाटांची लयही तीच निघाली. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो उंचच उंच जातो, तसा हेलकावा वाढत गेला. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना ही लय सर्वांत घातक ठरली. हजारो माणसं गेली.

सरकार गोंधळलं. लोक थांबले नाहीत. माहीत नसलेल्या घरांतल्या माहीत नसलेल्या माणसांसाठी तरुण मुलं ढिगाऱ्यांत शिरली. हुआरेस रुग्णालयाच्या अवशेषांतून कित्येक दिवसांनी नवजात बाळं जिवंत निघाली. कोसळलेल्या कारखान्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, मालकांना माणसांपेक्षा यंत्रांची काळजी जास्त आहे हे पाहून, स्वतःची संघटना उभी केली. तिच्या नावात त्यांनी '१९ सप्टेंबर' ही तारीखच घेतली. बेघर झालेले भाडेकरू घरांसाठी रस्त्यावर उतरले. मेक्सिकोच्या लोकशाहीचा पाया या ढिगाऱ्यांत घातला गेला, असं मला ठामपणे वाटतं. १९२८ पासून या शहराचा कारभारी राष्ट्राध्यक्ष नेमत असत. १९९७ साली नागरिकांनी तो स्वतः निवडला, आणि १९२९ पासून देशावर राज्य करणारा पक्ष २००० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला.