उभी गाडी, ओली भिंत

अमेरिकेतल्या लहान गावांतून जाताना घरामागच्या मोकळ्या जागेत किंवा शेताच्या कडेला एखादी लांबलचक जुनी मोटरहोम हमखास दिसते. टायर बसलेले, काचांवर धूळ, छपरावर पालापाचोळा. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने 1966 मध्ये मोटरहोम बनवायला घेतली आणि पुढच्या दशकात चाकांवरचं घर ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली चैन झाली. त्या पिढीतले मालक थकले, काही गेले. मुलांना हौस नव्हती. गाडी लावली होती तिथेच राहिली. आता घरभाडं न पेलणारे, निवृत्तीच्या तुटपुंज्या पैशात भागवणारे आणि कुठूनही काम करू शकणारे लोक या गाड्यांकडे कायमचं घर म्हणून पाहू लागले आहेत. काही हजार डॉलरला, कधी ‘घेऊन जा म्हणजे झालं’ या बोलीवरही त्या मिळतात. जाहिरातीत एक ओळ ठळक असते: गाडी फार चाललेली नाही. खरेदीदार नेमका याच ओळीला भुलतो. पण मोटरहोम किती मैल चालली यापेक्षा किती वर्षं उभी होती आणि कुठे उभी होती, हे जास्त महत्त्वाचं. त्यातही उभं राहून इंजिनाची जी दशा होते, तिच्यापेक्षा भिंतींची होते ती गंभीर. हे एकदा पटलं की दुरुस्तीचा सगळा क्रमच बदलतो.

इंजिनाची भीती सगळ्यांना वाटते, पण ती बरीचशी अनाठायी आहे. टाकीतलं पेट्रोल कुजून चिकट राळ होतं आणि कार्बोरेटरची भोकं बुजवतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तळाशी पाणी साचतं. ब्रेकच्या तेलालाही पाणी ओढायची खोड आहे. रबरी ब्रेकनळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, आतून फुगून अरुंद झालेल्या असतात. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही तो यामुळे. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असली तरी बाजूवर छापलेल्या सांकेतिक ओळीचे शेवटचे चार आकडे वाचावेत. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे, आणि त्यावर गाडी गल्लीबाहेर नेणंही जिवाशी खेळ. ही यादी लांबलचक दिसते खरी, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट विकत मिळते आणि बदलता येते. या मोटरहोम बहुधा शेवरले, फोर्ड किंवा डॉजच्या चासीवर बांधलेल्या आहेत, आणि तीच इंजिनं मालवाहू गाड्यांतही असल्याने सुटे भाग आजही सापडतात. जनरल मोटर्सची 1973 ते 1978 दरम्यान निघालेली, पुढच्या चाकांवर चालणारी मोटरहोम तर हौशी मालकांनी अजून रस्त्यावर ठेवली आहे. जाणकार मेकॅनिक दिवसभरात खर्चाचा अंदाज देऊ शकतो.

भिंतीचा अंदाज देणारा माणूस मात्र मिळत नाही. त्या काळच्या बहुतेक मोटरहोमची भिंत म्हणजे बारीक चौकोनी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय आणि मध्ये काचेची लोकर किंवा फोम. पत्रा गंजत नाही, म्हणून बाहेरून गाडी नवीच्या नवी दिसते. पाणी शिरतं ते छप्पर आणि भिंत जिथे मिळतात त्या शिवणीतून, हवेच्या झरोक्याभोवती, आणि बहुतेकांच्या लक्षात न येणाऱ्या जागी म्हणजे वरच्या कडेला लावलेल्या छोट्या दिव्यांच्या स्क्रूंमधून. स्क्रूभोवतालचं सीलंट उन्हाने तडकतं, थेंब स्क्रूच्या आट्यांवरून लाकडात उतरतो आणि पट्टीपट्टीने खाली सरकत खिडकीच्या चौकटीखाली किंवा जमिनीच्या कोपऱ्यात जाऊन मुरतो. त्यामुळे डाग दिसतो एकीकडे आणि भोक असतं दुसरीकडेच. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बिछान्याचा कोनाडा, मागचे दोन्ही कोपरे, शॉवरजवळची जमीन इथे टोचा दाबून पाहावा. टणक लाकूड त्याला अडवतं. कुजलेल्यात तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा जातो. ओलावा मोजायचं हातात मावणारं यंत्र स्वस्तात मिळतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. आकडा त्याच्या बराच वर गेला तर भिंत उघडल्याशिवाय नुकसान किती ते कळत नाही, आणि उघडली की आणखी उघडावी लागते.

आधी कळस मग पाया, असं आपण उलट्या कारभाराला हिणवतो. इथे मात्र खरोखरच कळस आधी. प्रत्यक्षात लोक सुरुवात करतात ती पांढऱ्या रंगापासून, नव्या पडद्यांपासून, लाकडी ओट्यापासून. फोटोही त्याचेच निघतात. ओल्या भिंतीवर रंग दिला की ओल दिसेनाशी होते, जात नाही. शिवाय गाडीने किती वजन पेलायचं ते कारखान्याने ठरवून दिलेलं असतं, ब्रेकही त्याच हिशेबाचे. 150 लिटर पाणी भरलं की 150 किलो तिथेच गेले. त्यावर फरशा, जाड लाकूड आणि बॅटऱ्यांची रांग चढवली की सुंदर पण उतारावर न थांबणारं घर तयार होतं. म्हणून छप्पर आणि शिवणी आधी, मग ब्रेक, टायर आणि गॅस, आणि शोभा सर्वांत शेवटी.

गॅसचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण तिथली चूक जीव घेते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. म्हणून गॅसचा इशारा देणारं यंत्र खाली बसवायचं, आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी दुसरं, झोपायच्या जागेजवळ. उभ्या गाडीच्या हीटरच्या नळ्यांत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि ज्योत कोंडते. उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात, हीटरच्या बोळांत बिऱ्हाड थाटतात. त्यांच्या लेंड्या सुक्या झाडणं तिकडे धोक्याचं, कारण तिथल्या काही रानउंदरांमार्फत हंताव्हायरस पसरतो. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून त्या पुसून काढायच्या.

या सगळ्यावर पहिला आक्षेप खुद्द उत्पादकांचा: ही वाहनं सहलीसाठी आहेत, कायम राहण्यासाठी नव्हेत. तो खोडून काढण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. शेगडीवर रोजचा स्वयंपाक, माणसांचे श्वास, वाळत घातलेले कपडे आणि पातळ, थंड भिंत. म्हणजे छप्पर नीट केलं तरी ओल आतून येते. सुटीच्या दोन आठवड्यांत ती जाणवत नाही, वर्षभरात गादीखाली बुरशी धरते. उपाय आहेत: धूर बाहेर सोडणारा हीटर, छताला पंखा, थंडीतही किंचित उघडा झरोका, गादीखाली हवा खेळेल अशी फळी. कायम राहणाऱ्याने पैसे ओट्यावर नव्हे, इथे घालावेत.

दुसरा आक्षेप असा की एवढी यातायात करण्यापेक्षा नवीच का घेऊ नये? नवी मोटरहोम सहज लाख डॉलरच्या पुढे जाते, विकत घेतल्या दिवसापासून किंमत घसरते, आणि तिच्या शिवणीही दर वर्षी तपासाव्याच लागतात. तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: अनेक खासगी तळांवर दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. सरकारी जमिनीवर ही अट नसते, पण तिथे मुक्कामाला साधारण चौदा दिवसांची मर्यादा असते. कायमचा पत्ता म्हणून टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडायची रीत आहे. तिथे राज्याचा आयकर नाही. ‘नोमॅडलँड’ या चित्रपटाला 2021 मध्ये ऑस्कर मिळाल्यावर या जगण्याभोवती एक वलय आलं, टाकीतला मैला कुठे रिकामा करायचा हा रोजचा प्रश्न वलयात बसत नाही.

भिंतीची दशा गाडी कुठे उभी होती यावर ठरते, म्हणूनच खरेदीच्या वेळी नकाशा पाहावा. ओरेगनच्या पावसात पंधरा वर्षं उभी असलेली, चकचकीत, इंजिन लगेच सुरू होणारी गाडी आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात रंग उडालेली, टायर फुटलेली, रबर तडकलेली बंद गाडी यांत दुसरी घ्यावी, ट्रकवर लादून आणायचा खर्च धरूनही. उन्हाने खाल्लेलं सगळं दुकानात मिळतं. पहिलीच्या भिंतीत टोचा बुडत असेल, तर ती फुकट मिळाली तरी सोडून द्यावी.