खुराड्याचा बंदोबस्त

बालाघाटाच्या ज्या डोंगरावर येडेश्वरीचे देवालय आहे त्याच्या आसपासच्या शिवारात, महामार्गावरील वाहनांचा घरघराट अहोरात्र कानी पडत असला तरी, घरोघरी कोंबड्या पाळण्याचा जुना प्रघात अद्याप टिकून आहे, आणि तो बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हाती आहे. सोयाबीन, तूर, ज्वारी यांचा जमाखर्च पुरुष पाहतात. अंड्यांचा पैसा मात्र घरधनिणीच्या कनवटीला जातो. म्हणूनच एखादी कोंबडी नाहीशी झाली तर तिची फिर्याद चावडीवर जात नाही. परसातल्या परसातच पंचनामा होऊन प्रकरण निकालात निघते.

असाच एक पंचनामा येरमाळ्याच्या एका वस्तीवर मी पाहिला. घरची वृद्ध मालकीण पदर खोचून रित्या खुराड्याभोवती वाकून फिरत होती आणि मातीवर उमटलेल्या खुणांवरून आरोपी मुक्रर करीत होती. कुत्रे असते तर त्याने दोन-चार कोंबड्या मारून तिथेच टाकल्या असत्या. रानमांजर शिकार उचलून नेते आणि मागे पिसांची एक ओळ ठेवते. धामण अंडी आणि पिले गिळते, मोठ्या कोंबडीपुढे तिचे काही चालत नाही. शिक्रा वरून येतो आणि बहुधा पिलावरच झडप घालतो. इथे भरदिवसा मान फोडलेली तलंग पडली होती, आणि खुराड्याच्या फळीखाली मूठभर माती उकरलेली दिसत होती. म्हातारीने निकाल दिला, "मुंगूसच हाय. दुसरं कोण दुपारचं येतंय?"

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर पायपीट करून जवळच्या येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात येऊन दाखल झाला, आणि हॉटेलांच्या बाकांपासून कचेऱ्यांच्या व्हरांड्यांपर्यंत वाघाशिवाय दुसरा विषय उरला नाही. परंतु ज्याला कोंबड्या राखायच्या आहेत त्याने वाघाची नव्हे, दोन बोटे रुंदीच्या फटीची चिंता करावी, कारण त्याचे खरे शत्रू लहान, चिवट आणि अत्यंत सबुरीचे आहेत. शिवाय त्यांना मारून प्रश्न सोडविण्याचा मार्गही बंद आहे. मुंगूस, रानमांजर, घोरपड या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अभय आहे. फासा लावणे किंवा विष घालणे हा गुन्हा होतो, आणि विषाने शेजाऱ्याचे कुत्रे मेले तर त्याहून मोठा तंटा उभा राहतो. तेव्हा चोराला शासन करण्याचा विचार सोडून घरच असे बांधावे की चोरी होऊच नये, एवढी एकच तजवीज उरते.

म्हातारीचा मुलगा गवंडीकाम करणारा असल्याने त्याची पहिली सूचना पायाची होती: चहूबाजूंनी हातभर खोल चर खणावा आणि जाळीचा खालचा भाग त्यात गाडावा. सूचना शास्त्रशुद्ध होती. अडचण जमिनीची होती. या भागात वीतभर काळी माती संपली की मुरूम लागतो, आणि मुरुमात चुनखडीचे खडे असे घट्ट बसलेले असतात की टिकाव ठणकन मागे येतो. चैत्री यात्रेत देवीचे हजारो भक्त हीच चुनखडी श्रद्धेने वेचतात; पहार चालविणाऱ्या माणसाला मात्र ती तेवढी वंदनीय वाटत नाही. ओढ्याकडच्या मऊ बाजूला चर निघाला. उरलेल्या तीन बाजूंना दुसरी युक्ती योजण्यात आली, आणि माझ्या मते तीच अधिक शहाणपणाची होती.

उकरणारे जनावर जाळीला नाक टेकते आणि जिथे नाक टेकले तिथेच पंजे चालवू लागते. दीड फूट मागे सरून उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. म्हणून उभ्या जाळीच्या तळाशी दीड फूट रुंदीची आडवी जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीसरशी पसरतात, उभ्या जाळीशी तारेने आवळून बांधतात, आणि वर मुरूम टाकून धुमसतात. पुढे त्यातून गवत वाढते आणि मुळ्यांनी जाळी जमिनीशी जखडली जाते. उकरणाऱ्याच्या पंजाखाली प्रत्येक वेळी तारच येते. चर खणताना निघालेले चुनखडीचे बारीक खडे म्हातारीने टोपलीत वेगळे काढले. अंड्याचे कवच बहुतांशी चुन्याचेच असल्याने अंड्यावरच्या कोंबड्या असे खडे आवडीने टिपतात, हे तिला कोणत्याही पशुवैद्याने सांगावे लागले नव्हते.

जाळीच्या बाबतीत बाजारात मोठी फसगत होते. षटकोनी घरांची जी पातळ जाळी 'कोंबडी जाळी' म्हणून विकली जाते ती कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवणे हे तिचे काम नव्हे. कुत्रे ती दातांनी फाडते, मांजर तिच्यातून पंजा घालून जाळीलगत पेंगणाऱ्या पक्ष्याला ओढते, आणि लहान मुंगूस व साप यांना मोठी घरे म्हणजे उघडी वेसच. सबब जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंची घरांची, जोड वितळवून सांधलेली जाड जाळी लावण्यात आली. त्याच्या वर इंचाची जाळी चालली. जिथे दोन पट्टे भेटतात तिथे चार बोटे पदर एकावर एक घेऊन वीतवीत अंतरावर तार पिळली गेली. मुलगा पक्कड घेऊन पिळत होता आणि माय मागून प्रत्येक सांध्यात करंगळी घालून पाहत होती. एका ठिकाणी ती शिरली. "वरनं काय बघतूस बाबा, खालनं बघ की," एवढेच ती म्हणाली, आणि ती तार उलगडून पुन्हा आवळावी लागली.

उंची साडेसहा फूट ठेवली, ती शत्रूच्या नव्हे तर झाडणारीच्या सोयीने; ज्या आवारात माणसाला ताठ उभे राहता येत नाही ते चार दिवसांनी कोणी झाडत नाही. लांबी पूर्व-पश्चिम घेतली, जेणेकरून वैशाखातले कलते ऊन आडव्या अंगाने आत घुसू नये. अर्ध्या भागावर पत्रा आणि त्यावर कडबा आला, उरलेल्या भागावर शिक्र्याच्या व मांजराच्या भयाने जाळी. रात्रीचे खुराडे आतच, पण फळ्यांचे बंदिस्त, वरच्या अंगाला जाळीदार झरोका ठेवलेले. त्यात उंचावर दांडी बसविली, कारण गावरान असो की वनराज जातीची, कोंबडीच्या अंगी रानकोंबडीचा वारसा आहे, आणि रानकोंबडी रात्र झाडावर काढते. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नसल्याने कातरवेळ होताच ती आपण होऊन दांडीवर चढते. त्यानंतर खुराड्याचे दार लावण्याची दक्षता माणसाने घ्यावयाची असते.

दाराखालची फट हा सर्व बंदोबस्तातील अत्यंत दुर्बल भाग. तिथे शहाबादी फरशीचा तुकडा उंबरठा म्हणून पक्का बसविला आणि दार त्यावर टेकेल असे केले. कडी एकटीने पुरत नाही, कुत्र्याच्या धक्क्याने ती उसळते. म्हणून कोयंड्यात दोरीला बांधलेली एक लोखंडी खुंटी अडकविली. दाणे पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवण्याचा दंडकही त्याच दिवशी पडला, कारण सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आणि घुशी येतात, आणि त्यांच्या मागावर साप. पुष्कळ घरी जाळीवर पैसा ओततात आणि पोते मात्र उघडे ठेवतात.

मृगाचे पहिले दोन पाऊस पडल्यावर ओढ्याकडची चराची माती बसली आणि कोपऱ्याच्या खांबाशी पोकळी दिसू लागली. तिथे दगड ठोकून सिमेंटचा गिलावा करण्यात आला. तोवर नव्या तलंगा डालग्याखाली झाकलेल्या होत्या. गिलावा वाळल्यावर त्या आवारात सोडल्या, आणि आल्या आल्या त्या चुनखडीच्या टोपलीवर तुटून पडल्या.