विद्यापीठीय वर्गासाठी समतेचे पाठसाहित्य

विविधता आणि सर्वसमावेशकता हे शब्द आता विद्यापीठांत रूढ झाले आहेत. परंतु व्याख्या पाठ केल्याने वर्गातील अंतर मिटत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, अमरावती व अकोला येथील वर्गांसाठी या विषयाचे पाठसाहित्य कसे असावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले तत्त्व असे की, पुरावा ग्रंथाने द्यावा, विद्यार्थ्याने नव्हे. जातिभेदाचा विषय निघाला की वर्गाच्या नजरा बौद्ध विद्यार्थ्याकडे वळतात आणि त्याच्याकडून अनुभवकथनाची अपेक्षा केली जाते. जो शिकावयास आला, त्यालाच दाखला बनविणे ही नवी विषमता होय. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लेखन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अभ्यासले जाते. त्यात मसूरचे रेल्वे स्थानक, बडोद्यातील पारशी विश्रामगृह, चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादच्या किल्ल्यातील हौद येतात. प्रवास, निवास, वाहन आणि पाणी! प्रत्येक प्रसंगी कोणी अडविले, कोणत्या रूढीने अडविले आणि कोण गप्प राहिले, हे साऱ्या वर्गाने शोधावे.

दुसरे तत्त्व, साहित्य आपल्या भूमीचे असावे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि सत्याग्रह काही काळ लांबणीवर टाकण्यात आला. तो का लांबविला, त्याने काय साधले, यावर वर्गात साधकबाधक चर्चा व्हावी. सवर्ण समाजातून डॉ. पंजाबराव देशमुख या मागणीच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणून या इतिहासात प्रत्येक विद्यार्थ्याला आपली जबाबदारी सापडते.

तिसरे तत्त्व पद्धतीविषयी आहे. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध तरुण ब्राह्मणाला विचारतात, उच्च कुळातील माणसाने चंदनाच्या लाकडापासून पेटविलेला अग्नी आणि हीन मानलेल्या कुळातील माणसाने हलक्या लाकडापासून पेटविलेला अग्नी, यांच्या ज्योतीत व प्रकाशात भेद असतो काय? येथे उपदेशाआधी प्रश्न येतो आणि उत्तर ऐकणाऱ्याच्याच मुखातून निघते. वर्गातही हेच व्हावे.

वऱ्हाडातील कित्येक घरांत जुन्या परिषदांची पत्रके, पत्रे आणि वृद्धांच्या आठवणी आहेत. प्राध्यापकांनी आणि विहारांतील अभ्यासमंडळांनी त्या एकत्र करून, तपासून वर्गापर्यंत पोहोचवाव्यात. हे काम लांबणीवर टाकल्यास सांगणारी पिढी आपल्यात राहणार नाही.