जीपला ट्रॅक्टरचा टायर

दिंडोरी तालुक्यात ज्यांच्या दारात जुनी महिंद्रा जीप अजून चालती आहे, त्यांनी एकदा तिची स्टेपनी नीट बघावी. चार टायर एका जातीचे आणि पाचवा भलताच, असं बऱ्याचदा दिसेल. त्यातला एक प्रकार खास शेतीच्या मुलखातला, तो म्हणजे जीपला ट्रॅक्टरचा पुढचा टायर.

याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा टायर ६.००-१६ मापाचा होता. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली आणि हाच नंबर पुढच्या कितीतरी मॉडेलांना राहिला. आपल्याकडच्या चाळीस-पन्नास एचपीच्या अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचा नंबरही ६.००-१६च. घरात टायर पडलाय, रिमवर चढतोय, मग नव्याला पैसे कोण घालणार?

पण नंबर सांगतो फक्त माप. टायरच्या कडेवर, वजनाच्या आकड्याला लागून इंग्रजी अक्षर असतं, ते वाचा. शेतीच्या टायरवर ‘ए६’ असेल तर तो ताशी ३० किलोमीटरसाठी बनलेला, ‘ए८’ असेल तर ४० साठी. त्याच्या उभ्या पट्ट्या मऊ जमिनीत चाकाला दिशा धरायला दिलेल्या असतात. वणीच्या रस्त्याला जीप साठने पळते, तेव्हा हा टायर त्याच्या कामाबाहेर गेलेला असतो.

दुसरा प्रकार बोलेरोच्या चाकाचा, २१५/७५ आर १५. पाच नट बसले की गडी खूश. पण या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, जीपच्या टायरचा ७३० च्या आसपास. म्हणजे किलोमीटरभरात जीपचं चाक सुमारे ४३६ वेळा फिरतं, तर हे सुमारे ४५२ वेळा. शंका असेल तर मोजून बघा. दोन्ही टायरांत सारखी हवा भरा, टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. आठ-एक सेंटिमीटरचा फरक हाताला लागेल.

एवढ्याने डिफरन्शियल जळतं, असं काही मेस्त्री ठामपणे सांगतात. माझ्या मते ते अति आहे. साधं डिफरन्शियल प्रत्येक वळणावर हेच काम करत असतं. दहा-पंधरा किलोमीटर हळू चालवून त्याला काही होत नाही. महिनोन्महिने तसंच चालवलं तर मात्र आतले छोटे गिअर झिजतात.

खरा घात फोर बाय फोरच्या लिव्हरने होतो. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना सरळ जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की बागेच्या चिखलात चाकं घसरतात आणि फेऱ्यांचा फरक तिथेच निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही. तो फरक शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दात्यांवर पीळ होऊन साठतो. लिव्हर निघेनाशी झाली की ओढाताण करू नका. थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

वेळ आलीच तर मागचं चाक पंक्चर झाल्यावर पुढचं चांगलं चाक मागे घ्यावं, बोलेरोचं पुढे लावावं आणि चाळिशीच्या आत गाव गाठावं. जॅक दोनदा लावावा लागतो, लोक कंटाळतात. ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढेल, ते ध्यानात ठेवावं.

‘आता स्टेपनी लागतच नाही’ असंही ऐकू येतं. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तरच ही सूट आहे. जुन्या जीपचा टायर ट्यूबचा, त्याला ट्यूबलेसचं किट कामाचं नाही. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला गोटा टायरही नियमात बसत नाही, मग तो पाचवा का असेना.

म्हणून टायर बदलताना पाच घ्या आणि पाचही आळीपाळीने फिरवा, म्हणजे झीज सारखी होते. पाचचं बजेट नसेल तर जुन्या चारांतला बरा एक स्टेपनीला ठेवा. ट्रॅक्टरचा टायर ट्रॅक्टरलाच लावा.