बाटलीवरील चिठ्ठी : सर्व्हर फायलीचा प्रकार कसा सांगतो



शाळेच्या विज्ञानपेटीत तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजा. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे द्रावण आणि तिसरीत विरल गंधकाम्ल. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. त्यांतील भेद आपणांस कळतो तो केवळ बाटलीवर चिकटविलेल्या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी गळून पडली, तर सुज्ञ शिक्षक आतील द्रव चाखून पाहात नाही. ती बाटली तो बाजूस काढून ठेवतो.

संगणकातील फायलींची गोष्ट अशीच आहे. सहलीचे छायाचित्र असो, कवितेची ध्वनिफीत असो की प्रश्नपत्रिका असो, संगणकाच्या पोटात ती केवळ अंकांची एक लांबलचक माळ असते. ही माळ कशी वाचावयाची हे सांगणारी चिठ्ठी सोबत नसेल, किंवा चुकीची असेल, तर फाइल अगदी निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते. आज अनेक शाळा आपला स्वाध्याय व पाठ संकेतस्थळावर ठेवतात व विद्यार्थी ते पालकांच्या भ्रमणध्वनीवर पाहतात. अशा वेळी पडद्यावर अगम्य चिन्हे उमटली, तर मूल ‘मला हे समजत नाही’ असे म्हणून गप्प बसते. दोष त्याच्या बुद्धीचा नसून चिठ्ठीचा असतो. म्हणून ह्या चिठ्ठीची ओळख प्रत्येक शिक्षकास असणे इष्ट आहे.

एक वर्गकृती

प्रथम हे तत्त्व मुलांकडून करवून घ्यावे. तीन गटांस एकच कागद द्यावा. त्यावर पुढील अंक लिहावेत : ३, ८, ११, १२, १३, १४, १५, १८, २३. पहिल्या गटाच्या कागदावर ‘चित्र’ अशी चिठ्ठी लावावी. त्या गटाने पाच ओळी व पाच स्तंभ यांचा चौकट कागद घेऊन घरांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली, १ ते २५ क्रमांक द्यावेत व दिलेली घरे रंगवावीत. दुसऱ्या गटास ‘अक्षरे’ अशी चिठ्ठी द्यावी. त्यांनी क पासून व्यंजने मोजून त्या त्या क्रमांकाचे अक्षर लिहावे. तिसऱ्या गटास ‘बेरीज’ अशी चिठ्ठी द्यावी.

पहिल्या गटास अधिकाचे सुरेख चिन्ह मिळेल. दुसऱ्या गटास ‘ग, ज, ट, ठ, ड, ढ, ण, द, ब’ अशी निरर्थक अक्षरे मिळतील. तिसऱ्या गटाचे उत्तर ११७ येईल. तिन्ही गटांनी आपले काम चोख केले. अंकही तेच होते. फरक पडला तो चिठ्ठीने. एवढे मुलांच्या ध्यानी आले म्हणजे पुढील विवेचन अवघड राहात नाही.

चिठ्ठीचा पूर्वेतिहास

प्रारंभीच्या काळात विद्युत्-टपालाने केवळ साधा मजकूर जात असे, तोही रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून अवघ्या १२८ चिन्हांच्या संचातला. त्यात देवनागरीस स्थान नव्हते. छायाचित्र वा आवाज ह्यांस तर मुळीच नव्हते. ही अडचण दूर करण्यासाठी नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘मल्टिपर्पज इंटरनेट मेल एक्स्टेन्शन्स’, म्हणजे टपालाची बहूपयोगी पुरवणी. आद्याक्षरांवरून तिला ‘माइम’ असे म्हणतात. टपालातील प्रत्येक भागाबरोबर त्याचा प्रकार सांगणारी एक ओळ पाठवावी, हा तिचा एक मुख्य नियम होय.

त्याच सुमारास जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी विश्वजाल उभे केले होते. १९९१ मधील त्याच्या आरंभीच्या पद्धतीत सर्व्हर केवळ मजकुराचे पृष्ठ पाठवी. त्यामुळे प्रकार सांगण्याची गरज नव्हती. पुढे चित्रे व इतर फायली पाठविण्याची वेळ आली, तेव्हा नवी पद्धत शोधण्याऐवजी टपालातील हीच चिठ्ठी स्वीकारण्यात आली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचटीटीपी १.०’ ह्या नियमावलीत तिला स्थान मिळाले व आजही तीच चालू आहे.

सर्व्हर काय करतो?

जो संगणक मागणाऱ्यास फायली पुरवितो तो सर्व्हर, व ज्या साधनातून आपण संकेतस्थळ पाहतो तो ब्राउझर. ब्राउझरने ‘सहल.जेपीजी’ ही फाइल मागितली असे समजा. सर्व्हर फाइल शोधतो. नंतर तिच्या नावातील टिंबापुढील अक्षरे, म्हणजे नावाचा प्रत्यय, पाहतो. सर्व्हरजवळ एक तक्ता असतो. कोणत्या प्रत्ययास कोणती चिठ्ठी लावावयाची हे त्यात नोंदविलेले असते. ‘अपाची’ ह्या प्रसिद्ध सर्व्हरमध्ये ह्या तक्त्याच्या फायलीस ‘माइम.टाइप्स’ असेच नाव आहे. तक्त्यातून मिळालेला प्रकार सर्व्हर ‘कन्टेन्ट-टाइप’ ह्या नावाच्या ओळीत लिहितो, ती ओळ आधी पाठवितो व तिच्यामागून फाइल पाठवितो.

ह्या चिठ्ठीचे दोन भाग असतात. तिरप्या रेषेपूर्वी मुख्य वर्ग व नंतर पोटप्रकार. नेहमीचे काही प्रकार असे (प्रत्यक्षात ते रोमन लिपीत लिहिले जातात) :

टेक्स्ट/एचटीएमएल – संकेतस्थळाचे पृष्ठ
टेक्स्ट/प्लेन – साधा मजकूर
इमेज/जेपेग – छायाचित्र
ऑडिओ/एमपेग – ध्वनिफीत
व्हिडिओ/एमपी-फोर – चित्रफीत
ॲप्लिकेशन/पीडीएफ – पीडीएफ दस्तऐवज

ह्या प्रकारांची अधिकृत नोंदवही ‘आयाना’ ही संस्था सांभाळते. प्रत्यय ओळखीचा नसेल, तर सर्व्हर बहुधा ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ अशी चिठ्ठी लावतो. ‘हे केवळ अंक आहेत, काय ते तुम्हीच पाहा’ असा तिचा आशय. ती वाचून ब्राउझर फाइल उघडून दाखवीत नाही, उतरवून ठेवतो.

चिठ्ठी चुकली तर

चित्रफितीस ‘साधा मजकूर’ अशी चिठ्ठी लागली, तर ब्राउझर तिचे अंक अक्षरे म्हणून वाचू लागतो व पडदा विचित्र चिन्हांनी भरून जातो. वर्गकृतीतील दुसऱ्या गटाची जी गत झाली तीच ही.

मराठी मजकुरास आणखी एक जोड लागते. ‘यूटीएफ-८’ ह्या लेखनपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन अष्टकांनी, म्हणजे आठ-आठ द्विमान अंकांच्या तीन गटांनी, लिहिला जातो. ‘शाळा’ ह्या शब्दात श, काना, ळ, काना असे चार घटक आहेत. म्हणून अष्टके बारा. चिठ्ठीत ‘कॅरसेट=यूटीएफ-८’ असे लिहिलेले नसेल व ब्राउझरचा अंदाज चुकला, तर तो प्रत्येक अष्टक स्वतंत्र रोमन चिन्ह म्हणून वाचतो आणि ‘शाळा’ नाहीशी होते.

ब्राउझर फाइल चाखून का पाहात नाही, अशी शंका येईल. काही वेळा तो पाहतो. पीडीएफ फायलीच्या आरंभी शतमान चिन्ह व पीडीएफ ही अक्षरे असतात. अशा खुणांवरून प्रकार ताडता येतो. परंतु ह्यात धोका आहे. चित्र म्हणून चढविलेल्या फायलीत कोणी दुष्ट हेतूने आज्ञा दडविल्या व ब्राउझरने त्या ओळखून अमलात आणल्या, तर वाचणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून २००८ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये ‘नोस्निफ’ ह्या सूचनेची सोय झाली व पुढे इतरांनीही ती स्वीकारली. ‘हुंगू नका, चिठ्ठीवर विश्वास ठेवा’ असे सर्व्हर त्या सूचनेने बजावतो.

शिक्षकांनी पाळावयाच्या गोष्टी

१. फायलीचा प्रत्यय हाताने बदलू नये. छायाचित्राच्या नावापुढे ‘पीडीएफ’ लिहिल्याने ते पीडीएफ होत नाही. सर्व्हर मात्र फसतो व चुकीची चिठ्ठी लावतो. रूपांतर करावयाचे तर योग्य साधनानेच करावे.

२. मराठी मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने जतन करावा.

३. फाइल चढविल्यावर ती दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावी. आपल्या संगणकावर ती उघडते म्हणजे मुलांकडेही उघडेल, असे नाही.

४. फाइल नीट असूनही पडद्यावर चिन्हे उमटत असतील, तर संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्यास ‘कन्टेन्ट-टाइपच्या ओळीत काय जाते?’ एवढे विचारावे. ह्या एका प्रश्नाने पुष्कळ वेळ वाचतो.

५. नावावर विसंबू नये. लग्नपत्रिका वा परिपत्रक अशा नावाने आलेल्या फायलीच्या अखेरीस ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर तो दस्तऐवज नव्हे. भ्रमणध्वनीवर बसणारा कार्यक्रम आहे. तो उघडू नये व पालकांसही तसे सांगावे.

आपल्या फायली ज्या मुलांसाठी आहेत, त्यांच्यापाशी बहुधा एकच भ्रमणध्वनी असतो, आणि तोही वडील शेतातून परतल्यावर हाती येणारा. त्या थोड्या वेळात पाठ उघडला पाहिजे. तो उघडेल अशी तजवीज करणे हे पाठ तयार करण्याइतकेच शिक्षकाचे काम होय.