मगातला चहा आणि डोंगरातली वीज

इंग्लंडमध्ये कुठे बांधकाम चालू असलं, की सकाळच्या सुट्टीत तिथल्या गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हातात एकेक जाडजूड मग दिसतो. मगात चहा, आपल्या कटिंगच्या तिप्पट तरी! रंग गडद विटकरी, दूध भरपूर, साखर बहुतेक दोन चमचे. कपबशीचा थाट नाही. या चहाला तिकडे ‘बिल्डर्स टी’ म्हणतात, पण तो आता ऑफिसांत, कारखान्यांत, दवाखान्यांत सगळीकडे चालतो. कोणीतरी एकजण उठतो, “चहा कोणाकोणाला?” असं विचारतो आणि सगळ्यांचे मग भरून आणतो.

करायला अगदी सोपा. मगात टी-बॅग टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं, तीन-चार मिनिटं थांबायचं, बॅग चमच्याने दाबून काढायची आणि दूध घालायचं. पातेलं नाही, गाळणं नाही, आलं ठेचणं नाही. पण या तीन-चार मिनिटांत आत काय चाललेलं असतं, ते बघाल तर थक्क व्हाल.

ते बघायला मग नको, काचेचा ग्लास घ्या. (गरम पाणी मोठ्या माणसांनी ओतायचं, बरं का.) पाणी स्थिर झालं की टी-बॅग अलगद वरच्या वर धरा. क्षणभर काहीच होत नाही. मग बॅगेच्या खालून तपकिरी रेघा निघतात आणि वळत, लहरत थेट तळाकडे जातात. वर का येत नाहीत? कारण चहाचा अर्क विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड होतं. थोड्याच वेळात तळाशी तपकिरी थर दिसतो, वरचं पाणी मात्र अजून फिकट असतं. आता बॅग एकदा हलवा, सगळा ग्लास एका रंगाचा!

हा रंग मुळात पानात नसतो. चहाचं पान हिरवंगार. ते चुरडलं, की आतली रसायनं हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि पान तांबूस-तपकिरी होतं. त्यातून तयार होणाऱ्या रंगद्रव्यांची नावं भारदस्त आहेत. सोनेरी-नारिंगी छटेची थिअफ्लाविन्स आणि लालसर-तपकिरी थिअरुबिजिन्स. 1930 च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी पानं चिरडणारं, फाडणारं आणि गुंडाळणारं एक यंत्र आणलं. त्यातून चहाचे बारीक, टणक दाणे पडू लागले. दाणा जितका बारीक तितकी पाण्याला भिडणारी जागा जास्त, म्हणून चहा झटपट आणि कडक उतरतो. ब्रिटिश टी-बॅगेत असाच बारीक चहा असतो. तुमच्या घरच्या डब्यातला दाणेदार चहाही बहुतेक त्याच पद्धतीचा.

आता दूध. नुसत्या कोऱ्या कडक चहाचा एक घोट घेऊन बघा. जीभ जाड झाल्यासारखी वाटते, तोंड कोरडं पडतं. जांभळं खाल्ल्यावर होतं ना, अगदी तसं. चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो. आपण ज्याला तुरट म्हणतो ते हेच. पण चहात दूध घातलं, की टॅनिनला दुधातलं केसीन हे प्रथिन मगातच भेटतं. बरीचशी टॅनिन्स त्यालाच चिकटतात आणि तोंडातल्या लाळेच्या वाट्याला थोडीच उरतात. म्हणून इतका कडक चहाही घशाखाली सुखाने उतरतो. चहा जितका कडक तितकं दूध जास्त लागतं, हे त्या गवंड्यांना रसायनशास्त्र न शिकताही पक्कं ठाऊक असतं.

मग दूध आधी घालायचं की नंतर? या प्रश्नावर ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहेत! जॉर्ज ऑर्वेल या नामवंत लेखकाने 1946 साली वर्तमानपत्रात चहावर लेख लिहिला आणि त्यात चक्क अकरा नियम दिले. त्यांचं मत होतं, आधी चहा, मग दूध. 2003 साली, ऑर्वेल यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने नेमकं उलट सांगितलं. गरम चहात दूध ओतलं, की पहिले थेंब एकदम तापतात, त्यांतल्या प्रथिनांची घडी मोडते आणि दुधाला शिजल्याचा वास येतो. दूध आधी असेल तर ते हळूहळू तापतं. (आपल्याला मात्र तापवलेल्या दुधाचा तोच वास आवडतो. आपण तर दूध चहातच उकळतो.)

हे सगळं किटलीत मुरलेल्या चहाबद्दल. टी-बॅगवाल्या मगात मात्र दूध आधी घालू नये, असं माझं ठाम मत आहे. फ्रिजमधलं दूध पडलं की पाणी ऐंशी अंशांच्या आसपास उतरतं आणि एवढ्यावर चहा नीट सुटत नाही. इथे गवंड्यांचंच बरोबर.

पण दूध आधी की नंतर, हे चव घेऊन ओळखता येईल का? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात निघाला, तोही कामाच्या मधल्या चहाच्या वेळी. रोनाल्ड फिशर नावाच्या तरुण गणितज्ञाने म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंसमोर चहाचा कप धरला. त्या नको म्हणाल्या. दूध आधी घातलेलाच चहा त्यांना आवडायचा, आणि फरक आपल्याला कळतो असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारीच उभे असलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम रोच म्हणाले, मग परीक्षाच घेऊ या!

फिशर यांनी पुढे 1935 च्या आपल्या पुस्तकात ही परीक्षा मांडली. आठ कप. चारांत दूध आधी, चारांत नंतर. क्रम उलटासुलटा. चव घेऊन ‘दूध आधी’वाले चार कप वेगळे काढायचे. आता गंमत बघा. आठांतून चार कप निवडायचे एकूण 70 प्रकार असतात आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे जमण्याची शक्यता सत्तरात एक. पण एक चूक माफ केली तर? चारांपैकी तीन बरोबर येण्याचे 16 प्रकार आहेत. मग शक्यता एकदम सत्तरात 17, म्हणजे जवळजवळ चारात एक! इतकं तर कोणालाही नशिबाने जमेल. म्हणून फिशर यांनी माफी दिली नाही. रॉथमस्टेडला सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीप्रमाणे बाईंनी फरक ओळखून दाखवला. नवं औषध खरंच काम करतं की रोगी आपोआप बरे झाले, हे आज ठरवतात तेव्हाही पाया याच विचाराचा असतो. घरी आठ छोटे कप मांडून आजोबांची परीक्षा घ्याच.

आता उरली पाणी उकळणारी विजेची किटली. ब्रिटनमधली किटली बहुधा तीन किलोवॅटची, म्हणजे मगभर पाणी अर्ध्या मिनिटात उकळतं. एका घरात ठीक आहे. पण 4 जुलै 1990 ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं. सामना संपला आणि देशभर लोक टीव्हीसमोरून उठले. दिवे लागले, किटल्या लागल्या. विजेची मागणी बघता बघता 2800 मेगावॅटने चढली. ही सगळी मागणी किटल्यांचीच धरली, तर एका वेळी नऊ लाखांहून जास्त किटल्या!

अशा वेळी कोळशाचं केंद्र उपयोगाचं नाही, त्याला तापायलाच वेळ लागतो. म्हणून वेल्समधल्या डिनॉर्विग इथे दगडाच्या जुन्या खाणींजवळ डोंगराच्या पोटात एक वीजकेंद्र आहे. ते 1984 साली सुरू झालं. डोंगरावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. मागणी चढली की वरचं पाणी बोगद्यांतून खाली सोडतात. टर्बाइन आधीपासून फिरती ठेवली असतील तर काही सेकंदांतच शेकडो मेगावॅट वीज मिळते. ती कधी लागेल याचा अंदाज यावा म्हणून वीजपुरवठा सांभाळणारे लोक टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक जवळ ठेवायचे. रात्री सगळे झोपले, की उरलेल्या विजेवर तेच पाणी पंपांनी पुन्हा वरच्या तलावात चढवतात.

असंच एक केंद्र आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ घाटघरला आहे, 250 मेगावॅटचं. सह्याद्रीच्या कड्यावर एक जलाशय, कड्याखाली दुसरा. भंडारदऱ्याला सहल निघाली, तर वरचा जलाशय बघायला नक्की जा.